मिल्टन कीन्सचा खड्डा

पहिलं नाव घ्यायचं ते पिनरच्या नीलाताई बर्व्यांचं. त्या नसत्या तर मी या नाटकाच्या दौऱ्याला निघालोच नसतो, आणि निघालो असतो तरी वाटेतून पळून आलो असतो. दुसरं नाव त्यांच्या मुलीचं, अनयाचं. तिसरं कॉलिन नावाच्या एका उंच इंग्रज गृहस्थांचं. त्यांनी आमच्या मिनीबसचं चाक बदललं आणि त्याच दिवशी भर हॉलमध्ये उभं राहून मला तो प्रश्न विचारला. तिघांचे आभार मानून झाले, आता काय झालं ते सांगतो.

मी मिरजेकडचा. नववीत शाळा सुटली, पुढे टेम्पो चालवला. बायको सुनीता नर्स. तिला इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, आणि तिच्या पाठोपाठ मी आलो. आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. हे गाव आधी कागदावर काढलं आणि मग बांधलं. त्यामुळे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, आणि जिथं म्हणून आपल्याकडे चौक असता तिथं गोल. त्याला राउंडअबाउट म्हणायचं. एक गोल संपला की दुसरा. पायी जाणाऱ्यांना आणि सायकलींना लाल रंगाचे वेगळे रस्ते आहेत, त्यांवरून मी वेअरहाउसला जातो आणि दिवसभर खोकी उचलतो. गावची शान म्हणजे सिमेंटच्या गाई. हो, खऱ्याच सिमेंटच्या, गवतात उभ्या. मी आईला फोटो पाठवला होता. ती म्हणाली, "दूध नाही तर नाही, वैरण तरी वाचली."

गाव वाईट नव्हतं. माझंच काही जमत नव्हतं. इथं कुणी बोलायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला विचारतं, "व्हेअर आर यू फ्रॉम?" बहुतेक जण आपुलकीनंच विचारतात. पण मला वाटायचं, आता हा म्हणणार की मग इथं काय करतोस. जीभ टाळूला चिकटायची. मिरज म्हणू, सांगली म्हणू, इंडिया म्हणू, की नुसतं सॉरी म्हणू? मी सॉरी म्हणायचो. मग मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायला लागलो, आणि शेवटी एक दिवस सुनीताला म्हणालो, मी परत जातो. तू राहा, तुझं चांगलं चाललंय.

ती रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, "त्या नाटकवाल्यांना शब्द दिलायस ना? तेवढा दौरा करून या, मग बोलू." माझी बायको चिडली की एका वाक्यात मला तू आणि अहो दोन्ही म्हणते.

नाटकात मी कसा गेलो तेही सांगायला हवं. लंडनच्या कडेला असलेल्या पिनरच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती होता. तिथं कार पार्किंगला शिस्त लावायला मला उभं केलं. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं, त्याचं निवेदन माझे शंकरकाका करायचे. त्यांचा घसा बसला की माइक माझ्या हातात यायचा. लाइट गेली की माइकशिवाय. ती सवय अंगात, म्हणून मी निळी गाडी मागे घ्या म्हणून ओरडलो तर रस्त्यापलीकडच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. एक पांढऱ्या बॉबकटच्या बाई तरातरा आल्या. मला वाटलं, आता ओरडणार.

"अहो, काय आवाज आहे तुमचा! माझी मुलगी असाच माणूस शोधतेय. एका खड्ड्यासाठी."

त्या नीलाताई.

शुक्रवार, पिनर

अनया इथंच जन्मलेली. शाळेत जुनी ग्रीक आणि लॅटिन शिकवते. तिनं ग्रीक लोकांच्या जुन्या विनोदी नाटकांच्या धाटणीचं एक नाटक स्वतः लिहिलं होतं. एका शहरात निवडणूक आहे, आणि रस्त्यातले खड्डे एकत्र येऊन उमेदवाराची उलटतपासणी घेतात. खड्ड्यांचा घोळका म्हणजे त्या नाटकांतला कोरस. अंगात काळे कपडे आणि गळ्यात स्पंजचं भलंमोठं काळं कडं. घोळक्याचा म्होरक्या मी. नाटक इंग्रजीत, मधेमधे मराठी. माझी इंग्रजी वाक्यं नीलाताईंनी आठवड्यामागून आठवडे फोनवर माझ्याकडून घोटून घेतली होती.

दौऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. जेवायला आंबट भाजी होती, दाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेली. मी म्हणालो, ताई, चुका कुठं मिळाला? तर तो चुका नव्हता, मागच्या अंगणातला रुबार्ब होता. इथले लोक त्याच्यात साखर घालून गोड करतात, नीलाताई लसणाची फोडणी देतात. मी ताट पुसून खाल्लं.

जेवताना अनयानं सगळं नीट समजावलं. तिचं मराठी तिच्याच तोंडून ऐकायला हवं.

"दत्तादादा, तेव्हा न्यूजपेपर नव्हता ना. तर स्प्रिंगमध्ये फेस्टिव्हल असायचा, आणि सगळा सिटी डोंगराच्या उतारावर बसायचा. जे मोठे लीडर, ते फ्रंट रोमध्ये. आणि अॅक्टर लोक त्यांचं नाव घेऊन त्यांना इन्सल्ट करायचे. तोंडावर!"

"आणि ते ऐकून घ्यायचे?"

"घ्यायला लागायचं. कधीकधी चिडायचे. पण ज्याला खूप शिव्या दिला, त्यालाच लोकांनी परत इलेक्ट केला, असं पण झालं आहे."

मला हे ओळखीचं वाटलं. आमच्या मैदानातही पाहुणे पहिल्या रांगेत बसतात, डोक्याला फेटा बांधून, आणि शंकरकाका त्यांच्यासमोरच म्हणायचे, आमदारसाहेब आलेत, रस्त्यानं आलेत म्हणून उशीर झाला, नदीतनं आले असते तर लवकर आले असते.

"आणि शिव्या कशावरून?" मी विचारलं.

"गावावरून! मेनली जिऑग्रफी. त्या भागातले लोक काय, कोळसाच जाळतात. डोंगराच्या पलीकडचे नुसते खातात, त्यांच्या तळ्यातली ईल मासा फेमस होती. शेजारचे भुकेले आणि त्यांचे जोक पण बंडल. पण लीडरला सर्वात मोठा इन्सल्ट म्हणजे, तू इथला नाहीस. तुझा बाप समुद्राच्या पलीकडून आला. तुझं बोलणंच सांगतं."

माझा घास तिथंच थांबला. कारण याच अर्थाचं वाक्य नाटकात होतं आणि ते माझ्याच तोंडी होतं. आतापर्यंत मी ते नुसतं पाठ केलं होतं. अर्थ त्या संध्याकाळी अंगावर आला. जेवणानंतर तालीम झाली. उमेदवाराचं काम करणारा नागपूरचा निखिल मधे उभा, आम्ही खड्डे भोवती, आणि मी म्हणायचं, "तू कुठला? तुझी आई कुठली? सांग!" मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच.

मी स्वयंपाकघरात भांडी विसळायला गेलो. नीलाताई मागोमाग आल्या.

"काय झालं रे?"

"ताई, हा प्रश्न मला विचारला तर मी सॉरी म्हणतो. तो मी दुसऱ्याला ओरडून विचारू? आणि परवा गोऱ्या लोकांसमोर? त्यातला एखादा उठून म्हणाला की आधी तू सांग तू कुठला, तर?"

त्यांनी माझ्या हातातला तवा काढून घेतला. "मी इथे आले तेव्हापासून मला विचारतायत. मी सांगते, पिनर. मग म्हणतात, नो, बट व्हेअर आर यू रिअली फ्रॉम? मी सांगते, रिअली पिनर, बस स्टॉपच्या मागे, हिरवं दार. काही जण ओशाळतात, काही हसतात, एकदोघं खरंच वाईट निघाले. प्रश्न एकच असतो दत्ता, विचारणाऱ्याचे चेहरे वेगळे असतात. तू प्रश्न ऐकलास की लगेच मान खाली घालतोस. आधी चेहरा बघ. मग घाबरायचं तर घाबर."

मी म्हणालो, बघतो. पण झोपताना ठरवलं, शनिवारचा ब्रॅकनेलचा प्रयोग करायचा आणि रविवारी पोटात दुखतंय म्हणायचं.

शनिवार, ब्रॅकनेल

ब्रॅकनेलमध्ये कॉम्प्युटर कंपन्यांची ऑफिसं आहेत आणि त्यांत पुणे, मुंबई, नागपूरची पोरं-पोरी. प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये, बाहेर साबुदाणा वड्यांचा घाणा चालू. या प्रयोगात गावं आपलीच घातली होती. खड्डे म्हणतात, पुण्याचा उमेदवार नको, तो दुपारी दार उघडणार नाही. मुंबईचा नको, त्याला खड्डा दिसेल पण थांबायला वेळ नसेल. नागपूरचा नको, तो आम्हाला संत्र्याची रोपं लावायला वापरील. यावर उमेदवार निखिल खरोखरच नागपुरी तडाख्यात भडकला, "अबे, संत्र्यावर जायचं नाही!" आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. माझी वाक्यं सरळ बाहेर आली. आपलीच माणसं होती, त्यांच्यापुढे कसली भीती?

नाटक संपल्यावर एक पुणेरी बाई येऊन म्हणाल्या, "पुण्यावर अजून थोडं चाललं असतं." मी हात जोडले. तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं, नवऱ्याचा चेहरा पडलेला.

"कोल्हापूरवर काहीच नाही?"

"नाही हो, राहून गेलं."

"आम्ही एवढे लांबून आलो. दीड तास बसून राहिलो की आता येईल, आता येईल."

"वाईट बोलायचं राहिलं म्हणून वाईट वाटलं?"

"मग! आम्ही काय नकाशात नाही काय?"

मी त्याला कडेला घेतलं आणि मिरजेच्या माणसाच्या मनात कोल्हापूरबद्दल जे जे असतं ते सगळं ऐकवलं. तो खूश होऊन गेला. जाताना मला वड्याची प्लेट दिली.

अनया हे बघत होती. म्हणाली, "बघितलंस? तेव्हा पण असंच असणार."

पोटात दुखतंय हे सांगायचं मी विसरलोच. आठवलं तेव्हा रविवार उजाडून मिनीबस सुरू झाली होती.

रविवार, डोंगरातलं एक गाव

या गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. ऑक्सफर्डच्याही पुढे, बुटक्या हिरव्या डोंगरांत आहे. घरं दगडी, पण दगडाचा रंग गुळाच्या ढेपेसारखा. ऊन पडलं की वाटतं, भिंत चाटून बघावी. रस्ता एका गाडीपुरता, दोन्हीकडे झुडपांच्या उंच भिंती. समोरून गाडी आली की दोघेही थांबतात, दोघेही हात करतात, आणि दोघेही मागं जातात. आपल्याकडे दोघेही पुढं येतात.

अशा रस्त्यावर आमची मिनीबस, जिच्यात सगळे खड्ड्यांचे कपडे घालून बसले होते, एका खड्ड्यात गेली. दण्णकन आवाज झाला आणि चाक बसलं. आम्ही सगळे उतरलो. गळ्यात काळी कडी घातलेली माणसं खड्ड्याभोवती वर्तुळ करून उभी. निखिल म्हणाला, "नातेवाईक भेटले."

मागून एक चिखलानं माखलेली जुनी जीप आली. त्यातून उंच, लाल स्वेटरवाले गृहस्थ उतरले, त्यांच्यामागे एक ओला कुत्रा. आमच्याकडे बघून त्यांच्या भुवया थोड्या वर गेल्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "सॉरी अबाउट दॅट," जणू खड्डा त्यांच्याच खिशातून पडला होता. नाव सांगितलं, कॉलिन. बाही वर करून चिखलात बसले. मी टेम्पोवाला, मीही बसलो. चाक बदलताना भाषा लागत नाही. त्यांनी हात पुढे केला की मी पाना द्यायचा, मी केला की त्यांनी. इतक्या दिवसांत कुणा इंग्रज माणसाबरोबर मी एवढा निवांत बसलो नव्हतो. जाताना अनयानं नाटकाचं सांगितलं. ते म्हणाले, येणारच आहे.

हॉलमध्ये जीन नावाच्या बाईंनी आमच्यापुढे चहाची मोठी किटली आणि सुकलेल्या मनुकांचा केक ठेवला. अनयानं त्यांना विचारलं, इथले लोक कुठल्या गावाला हसतात? हा जुन्या ग्रीकांचा रिवाज आणि आमच्या काकांचाही. मैदानात उतरण्याआधी चहाच्या टपरीवर बसून काका हेच विचारायचे. जीनबाईंनी दार लावून घेतलं आणि ओढ्यापलीकडच्या गावाबद्दल हळू आवाजात असं काही सांगितलं, की ते लोक आपल्या तळ्यातली बदकंसुद्धा धड सांभाळू शकत नाहीत, ती उठून आमच्याकडे येतात. गावाचं नाव लिहीत नाही ते याचसाठी, ओढ्यापलीकडं कळलं तर जीनबाईंची पंचाईत.

"आणि खड्डे?" अनया म्हणाली.

"रस्ते खरं तर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे. पण शिव्या सगळ्या गावच्या कौन्सिलच्या चेअरमनना. बिचारा कॉलिन. पहिल्या रांगेत असेल, लाल स्वेटर."

माझ्या हातातला केक खाली पडला.

मी नीलाताईंना गाठलं. "ताई, ज्यांनी चिखलात बसून चाक बदललं, त्यांना तोंडावर बोलू? आणि तेही चेअरमन. माझ्याच्यानं होणार नाही. निखिलला द्या."

"निखिल उमेदवार आहे. तो स्वतःलाच प्रश्न विचारील का?" त्यांनी माझ्या गळ्यातलं कडं सरळ केलं. "मी समोर मागच्या भिंतीला उभी राहते. वाक्य अडलं तर माझ्या ओठांकडे बघ. बाकी वेळ चेहरे."

पडदा नव्हताच. हॉल भरलेला, सगळी गोरी, बहुतेक पिकलेली डोकी, आणि पहिल्या रांगेत लाल स्वेटर. कुत्रापण होता. नाटक सुरू झालं. बदकांच्या वाक्याला लोक असे हसले की एक आजीबाई काठी आपटायला लागल्या. "तू कुठला, तुझी आई कुठली?" हे वाक्य आलं, मी नीलाताईंच्या ओठांकडे बघत म्हणून टाकलं. निखिल उत्तरला, "माझी आई समुद्रापलीकडची, पण खड्ड्यांनो, तुम्ही तर जमिनीखालचे!" लोक हसले. मी जिवंत होतो.

मग तो भाग आला, ज्यात कोरस नाटक बाजूला ठेवून थेट प्रेक्षकांशी बोलतो. मी पुढे आलो. वाक्यं अशी होती: आम्ही खड्डे या गावच्या कौन्सिलचे आभारी आहोत. त्यांनी आम्हाला कधी उठवलं नाही. पावसाचं पाणी पाजलं. आमची लेकरं रस्ताभर खेळतात, त्यांना कुणी हात लावला नाही. पुढे अनयानं ऐनवेळी जोडलेलं वाक्य: आणि आमच्यात कुणाचं चाक अडकलं, तर स्वतः चेअरमन येऊन बदलून देतात. असं म्हणून मी हात पसरून थेट कॉलिनकडे दाखवलं.

मला वाटलं होतं, हसतील. त्याऐवजी सगळ्या माना लाल स्वेटरकडे वळल्या. कॉलिन सावकाश उठून उभे राहिले. उंच माणसाला उठायला वेळ लागतो. आणि त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं,

"अँड व्हेअर आर यू फ्रॉम, देन?"

तोच प्रश्न. जीभ टाळूला गेली. मान खाली जायला लागली होती, तेवढ्यात मागच्या भिंतीला नीलाताई दिसल्या. त्यांचे ओठ हलत नव्हते. त्या फक्त स्वतःच्या गालावर बोट ठेवून उभ्या होत्या. चेहरा. मी कॉलिनकडे बघितलं. कपाळाला आठी होती, पण तोंडाचा एक कोपरा थरथरत होता, हसू दाबून धरल्यावर थरथरतो तसा.

आणि माझ्या तोंडून मिरज आलं नाही, सांगली आलं नाही, सॉरीसुद्धा आलं नाही. ज्या गावात मी राहतो त्याचं नाव आलं. मैदानातल्या आवाजात.

"मिल्टन कीन्स!"

काय झालं मला कळेना. छप्पर उडालं म्हणतात तसा हॉल फुटला. काठीवाल्या आजीबाई काठी सोडून टाळ्या पिटत होत्या. दाराशी जीनबाई डोळे पुसत होत्या. कुत्रा भुंकत होता. माझ्या बाजूचे खड्डे, म्हणजे अनया वगैरे, पोट धरून वाकले होते. मी एकटाच उभा, मी काय विनोद केला याचा विचार करत. या देशात विनोदाला हमखास कुठलं गाव घेतात हे मला इतके दिवस कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याच गावात राहत होतो.

कॉलिननी हात वर करून लोकांना शांत केलं. "मिल्टन कीन्स! मग तुम्ही रस्त्यांबद्दल बोलूच नका. तुम्ही लोक गोल गोल फिरता आणि सिमेंटच्या गाईंचं दूध काढता!"

पुन्हा हशा. मैदानात काका शिकवायचे, पैलवान उलटला तर मागं सरायचं नाही, आत शिरायचं. माझं इंग्रजी मोडकं, पण आवाज होता.

"आम्ही गोल फिरतो," मी म्हणालो, "बट वुई डोंट फॉल इन!"

पुढचं नाटक जवळजवळ झालंच नाही. कॉलिन रांगेतून पुढे आले, माझा हात धरून वर केला, अगदी आपल्याकडे जिंकलेल्या मल्लाचा करतात तसा, आणि जाताना माझ्या गळ्यातलं स्पंजचं कडं काढून स्वतःच्या गळ्यात घातलं. उरलेला वेळ चेअरमन खड्डा होऊन बसले.

नंतर चहाला जो तो मला येऊन डिवचत होता. गाईंना थंडीत स्वेटर घालता का? घरी परत जाताना कितव्या गोलाला वळायचं हे कसं कळतं? मी आपली बाजू लढवत होतो. लाल रस्त्यांची तारीफ केली. आमच्याकडे झाडं किती आहेत ते सांगितलं. हो, ‘आमच्याकडे’ म्हणालो. मिल्टन कीन्सची बाजू घेताना मला राग येत होता, खराखुरा, आणि त्या रागानं छातीत ऊब आली. शेवटी मीच कॉलिनना सांगितलं की तसा मी मूळचा मिरजेकडचा, इंडियातला. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तिथे रस्ते कसे आहेत?"

"तुमच्यासारखेच."

"मग आपण शेजारीच की," ते म्हणाले, आणि माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

परतीच्या वाटेवर सुनीताचा फोन आला. ड्युटीवरूनच करत होती, मागे घंटी वाजत होती.

"झालं का? आता बोलायचं ना परत जायचं?"

"परतच येतोय," मी म्हणालो. "मिल्टन कीन्सला. तुला माहीत होतं, हे लोक आपल्या गावाला हसतात?"

"सगळ्या हॉस्पिटलला माहितीय," ती म्हणाली. "तुम्हीच कुणाशी बोलत नव्हता." फोन ठेवताना तिचा आवाज जरा ओला झाला होता, पण तसं म्हटलं तर ती कबूल करणार नाही.

पिनरला नीलाताई उतरल्या तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्या म्हणाल्या, "उठ रे, गुडघ्याला चिखल आहे तुझ्या." चाक बदलतानाचा होता.

त्यांच्या उपकाराची फेड कशी करायची ते मी त्याच रस्त्यावर ठरवलं. ताई, हे तुम्ही वाचाल तेव्हा बॅग भरायला घ्या. आमच्या जत्रेला तुम्हाला नेणार. मैदानात पहिल्या रांगेत खुर्ची, डोक्याला फेटा, समोर हलगी कडाडतेय. आणि काकांच्या हातातला माइक मी घेणार आणि सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असा आवाज लावून विचारणार, या पाहुण्या बाई कुठल्या? तुम्ही उठून सांगायचं, पिनर. मग पिनरबद्दल, तुमच्या हिरव्या दाराबद्दल आणि फोडणीच्या रुबार्बबद्दल मी असं काही बोलेन की सगळं मैदान हसून लाल मातीत लोळेल. कुणाचंही नाव घ्यायचं राहून जाईल, तुमचं राहणार नाही.